एकट्याने बोट धक्क्याला लावणं आणि सोडवणं: दोरीकडून करून घ्यायची कामं

बोटीवर चार माणसं असली की धक्क्याला लागताना कामं आपोआप वाटली जातात. एक जण सुकाणूवर, एक नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, दोरी घेऊन तयार, एक पिछाडीला आणि चौथा सूचना द्यायला. एकट्याला पहिली तिन्ही कामं करायची असतात आणि तिन्ही जागा एकमेकींपासून लांब असतात. २८ फुटी बोटीवर सुकाणूपासून नाळेपर्यंत जायला, वाटेतल्या तारा-दोऱ्या ओलांडत, सात-आठ सेकंद सहज जातात. तेवढ्या वेळात कडेचा वारा बोटीला दोन मीटर बाजूला नेऊन ठेवतो.

त्यामुळे चपळाई वाढवून फारसा उपयोग होत नाही. एकटा माणूस एका वेळी एकच दोरी नीट हाताळू शकतो, हे आधी मान्य करायचं आणि मग ठरवायचं की ती एक दोरी कुठली. ती बरोबर निवडली तर उरलेल्या दोऱ्या चहा पिऊन बांधल्या तरी चालतात.

पहिली दोरी मधली

नवशिक्याचा हात आधी नाळेच्या दोरीकडे जातो. ती घेऊन तो धक्क्यावर उडी मारतो, घाईघाईने बांधतो आणि वळून बघतो तर पिछाडी धक्क्यापासून लांब निघालेली असते. नाळ एका जागी धरली गेली की बोट तिच्याभोवती बिजागरीवरच्या दारासारखी उघडते. पिछाडी आधी बांधली तर उलट, आणि ते जास्त वाईट: नाळेकडचा भाग पाण्यावर उंच आणि पाण्याखाली उथळ असतो, त्यामुळे वारा आधी त्यालाच ढकलतो.

बोटीच्या मध्यावरच्या क्लीटला, म्हणजे दोरी बांधायच्या दोन शिंगांच्या खुंटीला, बांधलेल्या दोरीने यातलं काही होत नाही. मध्यावर धरलेली बोट दोन्हीकडे फिरायला नाखूश असते. खरी गंमत पुढे आहे. ही दोरी मध्यापासून तिरकी मागे नेऊन धक्क्यावरच्या क्लीटवर अडकवली आणि इंजिन अगदी हळू पुढच्या गियरमध्ये ठेवलं, तर बोट पुढे जाऊ बघते आणि दोरी तिला जाऊ देत नाही. दोरी तिरकी असल्यामुळे तिची ओढ थोडी मागे आणि थोडी धक्क्याकडे असते. मागची ओढ इंजिनाच्या जोराशी बरोबरी करते आणि धक्क्याकडची ओढ बोटीला आडवी सरकवत फेंडरांवर, म्हणजे कडेला टांगलेल्या हवेच्या उशांवर, टेकवते. सुकाणू धक्क्याच्या विरुद्ध बाजूला वळवलं की पंख्याचं (प्रॉपेलरचं) पाणी पिछाडीला धक्क्याकडे रेटतं आणि नाळ-पिछाडी दोन्ही समांतर बसतात. तुमच्या जागी दोरी धरून उभं राहायचं काम इंजिन करतं.

या दोरीला मधली स्प्रिंग म्हणतात. पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे.

मधला क्लीट खरोखर मध्यावर असतोच असं नाही. तो फार पुढे असेल तर नाळ धक्क्यात घुसते आणि सुकाणू पुरतं वळवावं लागतं. फार मागे असेल तर नाळ बाहेर पळते आणि मग सुकाणूनेही फारसं सावरता येत नाही. शिडाच्या बोटींवर बाजूच्या डेकवर पुढच्या शिडाच्या दोरीसाठी पट्टी असते. तिच्यावरची सरकती कप्पी हवी तिथे खिळवून दोरी तिच्यातून काढता येते. अशी सोय नसेल तर मजबूत क्लीट, आतून जाड पट्टी लावून, बसवून घ्या. एकट्याने बोट चालवणाऱ्यासाठी यापेक्षा उपयोगाचा खर्च मला दिसत नाही. रेलिंगच्या खांबाला मात्र स्प्रिंग बांधू नका. तो खांब माणसाचा तोल सावरण्यापुरता असतो, पाच टन बोटीपुढे तो वाकतो किंवा डेकसकट उपटून येतो.

मधली जागा शोधायची तर वारा पडलेला असताना, बोट बांधलेली असताना प्रयोग करा. स्प्रिंग लावा, बाकीच्या दोऱ्या सैल सोडा, इंजिन हळू पुढे घाला, सुकाणू फिरवून बघा. दोन-तीन जागा बदलल्या की बोट कुठे शांत टेकते ते कळतं.

दोरी कोणती, केवढी

धक्क्याच्या दोऱ्यांना नायलॉन बरं, कारण तो ताणतो. तीन पिळांचा नायलॉन तुटण्याआधी मूळ लांबीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त लांबतो, त्यामुळे हिसके तोच खातो आणि क्लीट वाचतात. पॉलिएस्टर त्या मानाने कमी ताणतं. निघताना ओढून घ्यायच्या दोरीला ते चांगलं, कारण गुळगुळीत असतं आणि अडकत नाही. पॉलिप्रॉपिलिन तरंगतं म्हणून मोहात पडू नये. ते उन्हाने कुजतं आणि क्लीटवर घसरतं.

जाडीचा ढोबळ हिशेब असा: बोटीच्या लांबीच्या दर ९ फुटांमागे सुमारे ३ मिलिमीटर. म्हणजे २७ फुटी बोटीला १० मिलिमीटर, ३६ फुटीला १२. नाळ आणि पिछाडीच्या दोऱ्या बोटीच्या दोन तृतीयांश लांबीच्या, इतर स्प्रिंग, म्हणजे बोटीला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या तिरक्या दोऱ्या, बोटीएवढ्या लांबीच्या. निघताना दुहेरी लावायची दोरी निराळीच ठेवा, चांगली लांब. तिच्याकडे पुढे येतो.

मधल्या स्प्रिंगची लांबी मात्र मोजून ठरवायची. सुकाणू पिछाडीला असलेल्या बोटीवर मधल्या क्लीटपासून, रेलिंगच्या बाहेरून, सुकाणूवर उभ्या असलेल्या तुमच्या हातापर्यंत जेवढं अंतर भरेल तेवढं आणि वर मीटरभर. म्हणजे सुकाणू न सोडता, बोट पुढे सरकत असताना, शेजारून जाणाऱ्या धक्क्याच्या क्लीटवर फासा टाकता येतो आणि तो टाकल्यावर दोरी आपोआप मागे तिरकी राहते. तुमचा धक्का नेहमीचाच असेल तर बोट बरोबर जागी उभी असताना स्प्रिंग ताणून बांधा आणि बोटीच्या क्लीटशी दोरीवर रंगीत दोरा गुंडाळून खूण करा. पुढच्या वेळी दोरी खुणेवर बांधली की बोट समोरच्या फळीला लागण्याआधी ठरल्या जागी थांबते.

दोरीच्या टोकाला मोठा फासा हवा, आणि तो उघडा राहायला हवा. ओला, मऊ फासा आकडीच्या (टोकाला हुक असलेल्या लांब काठीच्या) दांड्यावर लटकला की मिटतो आणि नेमका क्लीटच्या शिंगांवरून घसरतो. यावर सोपा इलाज म्हणजे पाण्याच्या नळीचा साठ-सत्तर सेंटिमीटरचा तुकडा. गाठ मारण्याआधी दोरीत ओवा, मग बोलाइन गाठ मारून फासा करा. नळीमुळे फासा गोल उभा राहतो, आकडीवर धरून क्लीटवर अलगद ठेवता येतो. बोलाइनची एक खोड लक्षात असू द्या: दोरी ताणलेली असताना ती सुटत नाही. म्हणून सोडवायचं टोक नेहमी बोटीवरच्या क्लीटवर असायला हवं.

मोकळ्या पाण्यातच सगळी मांडणी

फेंडर, दोऱ्या, आकडी ही सगळी तयारी धक्का जवळ यायच्या खूप आधी, मोकळ्या पाण्यात करायची. बोटी दाटीने उभ्या असलेल्या जागेत शिरल्यावर सुकाणू सोडायची वेळ येता कामा नये.

फेंडर किमान तीन, त्यातला एक बोटीच्या सगळ्यात रुंद जागी. तरंगत्या धक्क्याला ते पाण्यालगत टांगा, उंच पक्क्या धक्क्याला वर घ्या. चौथा फेंडर डेकवर मोकळा ठेवा, ऐन वेळी हातात धरून हवा तिथे घालायला.

नाळेची दोरी नाळेच्या क्लीटला बांधा, सगळ्या रेलिंगच्या बाहेरून आणि तारांच्या खालून काढा आणि तिचं मोकळं टोक मध्यावर आणून रेलिंगवर ठेवा. पिछाडीच्या दोरीचंही तसंच. आता तुम्ही बोटीच्या मध्यावरून धक्क्यावर पाय ठेवाल तेव्हा तिन्ही दोऱ्या हाताशी असतील. एकेक दोरी ओढून बघा, कुठे रेलिंगच्या आतून तर आली नाही ना. आतून आलेल्या दोरीवर ताण आला की पहिला बळी रेलिंगचा जातो. आणि पाण्यात लोंबणारी एकही दोरी नको. पंख्यात गुंतली तर इंजिन थांबेल, तेही नको त्या क्षणी.

यानंतर पन्नासेक मीटरवर बोट थांबवून गियर न्यूट्रलला टाका आणि काही न करता बघा. नाळ कुठे वळते, बोट कुठे वाहते? झेंड्याकडे बघून फक्त वाऱ्याचा अंदाज येतो, इथे वारा आणि प्रवाह दोघांची बेरीज समोर दिसते. प्रवाहाला हलकं लेखू नये. समुद्राचं पाणी हवेच्या आठशेपटीहून जास्त घनतेचं आहे, त्यामुळे सारख्या क्षेत्रफळावर १ नॉटचा (सेकंदाला अर्ध्या मीटरचा) प्रवाह २५ ते ३० नॉटच्या वाऱ्याइतका जोर लावतो. धक्क्याच्या खांबाभोवती पाणी चिरून मागे शेपूट काढत असेल तर प्रवाह आहे. दोघांतला जो जबर असेल त्याच्याकडे तोंड करून या. समोरून रेटा असला की जमिनीच्या हिशेबाने बोट जवळजवळ थांबलेली असतानाही सुकाणूवरून पाणी वाहत राहतं आणि बोट ऐकते.

परत फिरायची जागाही इथेच ठरवा. अमुक खांब येईपर्यंत बोट रेषेत नसेल तर वळायचं आणि पुन्हा यायचं. दोनदा फेरी मारणाऱ्याला धक्क्यावरचे लोक हसत नाहीत, आणि हसले तरी फायबरग्लासच्या दुरुस्तीपेक्षा ते स्वस्त पडतं.

जवळ येताना

वेगाचा हिशेब एकदा कागदावर करून बघण्यासारखा आहे. ५ टनांची बोट १ नॉटने, म्हणजे सेकंदाला अर्ध्या मीटरने, चालली असेल तर तिच्यात सुमारे साडेसहाशे जूल ऊर्जा असते: साठ किलोचं पोतं मीटरभर उंचीवरून पडावं तेवढी. २ नॉटला ती चौपट होते. ही सगळी ऊर्जा एक दोरी, एक क्लीट आणि तुमचा हात यांना जिरवायची आहे. म्हणून सुकाणू ऐकेल इतपतच वेग. गियर घाला, दोन सेकंदांनी काढा, बोट सरकू द्या, पुन्हा घाला.

एकाच पंख्याची बोट रिव्हर्समध्ये सरळ मागे जात नाही, पिछाडी एका बाजूला ओढली जाते. उजव्या हाताचा पंखा, म्हणजे पुढे चालताना मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरणारा, रिव्हर्समध्ये पिछाडी डावीकडे खेचतो. अशा बोटीला धक्का डाव्या बाजूला घेणं सोयीचं: थांबायला रिव्हर्स दिला की पिछाडी आपणहून आत येते. आपला पंखा कुठला ते ठाऊक नसेल तर बोट बांधलेली असताना रिव्हर्स घालून बघा. ज्या बाजूला पाणी जास्त उसळेल, पिछाडी त्याच्या विरुद्ध जाते. आउटबोर्ड, म्हणजे पिछाडीच्या बाहेर टांगलेल्या, इंजिनाला ही खोड कमी जाणवते, कारण तिथे पंखाच वळवता येतो. सुकाणूच्या बाबतीत इथे जे सांगितलं आहे ते चाक वळवण्याच्या दिशेला तसंच लागू आहे.

वारा नसेल तर धक्क्याशी वीस ते तीस अंशांचा कोन करून या. नाळ धक्क्यापासून साधारण अर्ध्या बोटीच्या अंतरावर आली की सुकाणू धक्क्याच्या विरुद्ध फिरवून बोट समांतर करा, रिव्हर्सचा छोटा झटका द्या. आता बोट धक्क्यालगत हातभर अंतरावरून रांगत पुढे जात असायला हवी, आणि तुम्ही एका हाताने सुकाणू, दुसऱ्या हातात फासा धरून उभे.

फासा पडल्यानंतरचे दहा सेकंद

इथे घाई केली तर केलेलं सगळं वाया जातं, म्हणून हा भाग टप्प्याटप्प्याने.

१. गियर न्यूट्रलला. धक्क्याचा क्लीट तुमच्या शेजारी आला की फासा आकडीने किंवा हाताने त्यावर ठेवा. फेकू नका, ठेवा. फासा दोन्ही शिंगांखाली गेला का ते डोळ्यांनी बघा.

२. बोट स्वतःच्या वेगाने पुढे सरकेल आणि दोरी ताणायला लागेल. वेग अगदी कमी असेल तर नायलॉन हा हिसका गिळतो. जास्त असेल तर दोरी बोटीवरच्या क्लीटभोवती किंवा विंचवर (दोरी ओढायच्या फिरत्या पिंपावर) फक्त वेढे घालून ठेवलेली असावी, म्हणजे सोडत सोडत थांबवता येते. वेढ्यांची ताकद लोक ओळखत नाहीत. ओल्या दोरीचं घर्षण बेताचंच धरलं, गुणांक ०.२५, तरी एका पूर्ण वेढ्याने हाताची पकड जवळजवळ पाचपट होते आणि दोन वेढ्यांनी वीसपटीच्या वर जाते. तुमच्या हातात १० किलोची ओढ असेल तर दोन वेढ्यांपलीकडे २०० किलोहून जास्त अडतात. हाताची बोटं मात्र क्लीटपासून हातभर लांब ठेवा. वेढ्यात सापडलेलं बोट दोरी सोडत नाही.

३. दोरी ताणली की बोटीच्या क्लीटवर पक्की करा: तळाशी एक पूर्ण वेढा, मग शिंगांवरून एकदा इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आडवी, शेवटचा वेढा उलटा मुरडून. यापुढे आणखी दहा वेढे घालणाऱ्यांना सोडताना दहा वेढे काढावे लागतात.

४. सुकाणू धक्क्याच्या विरुद्ध बाजूला पूर्ण वळवा. मग पुढचा गियर, इंजिन आयडलवर. थ्रॉटल वाढवू नका. बोट क्षणभर काहीच करत नाही. मग दोरी करकरते, ओली असेल तर पिळल्यासारखे तिच्यातून थेंब गळतात आणि बोट आडवी धक्क्याकडे सरकू लागते.

५. दोन्ही टोकांकडची फट बघा. नाळ आत आणि पिछाडी बाहेर असेल तर सुकाणू आणखी बाहेर. ते पुरतं वळलेलंच असेल तर थ्रॉटल केसभर वाढवा. पिछाडी आत आणि नाळ बाहेर असेल तर सुकाणू थोडं सरळ करा. समांतर झाली की सुकाणू तिथेच बांधा किंवा त्याचा अडसर घट्ट करा.

आता बोट स्वतः उभी आहे. इथे दोन मतं आहेत. काही जण इंजिन गियरमध्ये ठेवूनच धक्क्यावर उतरतात आणि नाळ-पिछाडी बांधतात; वारा बाहेर ढकलत असेल तर त्याला पर्याय नाही. पण चालत्या पंख्याची बोट सोडून उतरायचं तर स्प्रिंग दोन्ही टोकांना पक्की आहे आणि जवळपास पाण्यात कोणी नाही, हे बघूनच. वारा शांत असेल तर मी गियर काढून उतरणं पसंत करतो. आउटबोर्डवाल्यांची सुरक्षा दोरी अंगाला लावलेली असते, तिच्यासकट उतरलात तर इंजिन बंद पडेल आणि स्प्रिंग ढिली होईल. त्यांनी आधी बोटीवरूनच आकडीने पिछाडीची दोरी धक्क्यावर अडकवावी, मग इंजिन बंद करून उतरावं.

उतरल्यावर आधी वाऱ्याच्या बाजूचं टोक बांधा, मग दुसरं. ते झालं की परत येऊन इंजिन बंद.

क्लीट नसेल तर

धक्क्यावर नुसता खांब किंवा जाड खुंटा असेल तर फासा टाकण्यापेक्षा दोरी फेकून अडकवणं सोपं. एक टोक मधल्या क्लीटला बांधा, दुसरंही तिथेच आणून ठेवा. मधल्या भागाच्या वळ्या निम्म्या डाव्या हातात, निम्म्या उजव्या हातात घ्या आणि दोन्ही हात बाहेर उघडत दोरी खुंट्याच्या पलीकडे टाका. दोरी हवेत पसरून खुंट्यावर पडते. ती ओढताना हळू, जमिनीलगत. झटका दिला की उडून सुटते. दोरी आधी भिजवून घेतली तर वजनाने नीट पडते. कडी असेल तर मात्र उतरून ओवावीच लागते, त्यामुळे कड्यांच्या धक्क्याला वारा असताना एकट्याने जायचं टाळलेलं बरं.

खुंट्यावर आधीच दुसऱ्या बोटीचा फासा असेल तर आपला फासा त्यांच्या फाशातून खालून वर काढून मग खुंट्यावर घाला. मग कुणीही आधी निघू शकतो.

वाऱ्याच्या तऱ्हा

वारा धक्क्याकडे ढकलणारा असेल तर लागणं सोपं वाटतं, आणि तिथेच आपटायला होतं. धक्क्याला समांतर, दीड-दोन मीटर बाहेर पूर्ण थांबा आणि वाऱ्याला आत आणू द्या. नाळ आधी वाहते, म्हणून ती थोडी बाहेर रोखून ठेवा.

वारा धक्क्यावरून बाहेर येणारा असेल तर खरी परीक्षा. कोन वाढवा, चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत, आणि थोडा जास्त वेग ठेवा, नाहीतर धक्क्याशी पोहोचायच्या आधीच नाळ वाऱ्याने फिरते. समांतर होताच फासा पडलाच पाहिजे. तो चुकला तर झुंजत बसू नका, बाहेर वाहत जा आणि पुन्हा या. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटचे २० नॉट झाले की तो चौपट होतो, त्यामुळे काल जमलेली गोष्ट आज न जमण्यात आश्चर्य नाही. कुठल्याशा मोकळ्या खांबाला बोट बांधून किंवा नांगरावर थांबून वारा पडायची वाट बघणं हाही पुरता चांगला पर्याय आहे.

वारा मागून असेल आणि जागा असेल तर वळून समोरून या. जागा नसेल तर मधली स्प्रिंग मागूनच्या वाऱ्याला बरोबर अडवते, फक्त रिव्हर्स लवकर सुरू करावा लागतो.

निघताना

लागताना चूक झाली तर निदान धक्का जवळ असतो. निघताना दोरी अडकली तर बोट अर्धी सुटलेली, वारा धरलेली आणि गियरमध्ये असते. म्हणून मला निघण्याची जास्त धास्ती वाटते.

आधी इंजिन तापू द्या आणि बांधलेल्या अवस्थेत पुढे-मागे दोन्ही गियर घालून बघा. मग दोऱ्यांकडे बघा: कुठल्या ताणलेल्या आहेत, कुठल्या लुळ्या? लुळ्या आधी काढा. ताणलेली दोरी बोटीला धरून आहे, ती शेवटी. शेवटी उरणारी एकच दोरी दुहेरी करायची: बोटीवरून जाऊन धक्क्याच्या क्लीटला वळसा घालून परत बोटीवर. दोन्ही टोकं तुमच्या हाताशी, म्हणजे धक्क्यावर न उतरता सुटता येतं. सोडायच्या टोकाला फासा, गाठ, फुगवटा काही असता कामा नये. दोन्ही पदर एकमेकांवरून गेलेले नसावेत. आणि ओढताना एकसारखं ओढायचं. हिसका दिला की मोकळं टोक चाबकासारखं फिरून क्लीटलाच वेढा घालतं.

वारा बाहेर ढकलत असेल तर मध्यावरची दुहेरी दोरी सोडली की काम झालं. बोट आपसूक निघते, दोरी पूर्ण डेकवर आल्याशिवाय गियर घालायचा नाही एवढंच.

वारा किंवा प्रवाह समोरून असेल तर नाळ बाहेर काढायची. पिछाडीच्या क्लीटवरून दुहेरी दोरी पुढे, धक्क्याच्या मध्याजवळच्या क्लीटला. पिछाडीच्या कोपऱ्यावर मोठा फेंडर. सुकाणू सरळ ठेवून हळू रिव्हर्स घाला. दोरी पिछाडीला अडवते आणि नाळ बाहेर वळते. पुरेशी वळली की न्यूट्रल, दोरी सोडा, आत घ्या, मग पुढचा गियर. हा क्रम मोडू नका: ही दोरी पंख्याच्या अगदी शेजारी पाण्यात पडते. एकट्यासाठी ही पद्धत सोयीची आहे, कारण सगळं सुकाणूजवळ घडतं.

वारा धक्क्यावर दाबून धरत असेल तर ही पद्धत फसते. दोरी सोडताच नाळ पुन्हा आत येते आणि पुढे जाताना पिछाडी धक्क्यावर घासते. तिथे पिछाडी बाहेर काढून मागे निघायचं. नाळेवरून दोरी तिरकी मागे, धक्क्याच्या मध्याजवळच्या क्लीटला, आणि परत. नाळेवर दोन फेंडर, एक अगदी टोकाशी. सुकाणू धक्क्याकडे वळवून हळू पुढचा गियर. नाळ फेंडरवर दबते, पिछाडी बाहेर फिरते. पंचेचाळीस अंश झाले, वारा जोराचा असेल तर त्याहून जास्त, की सुकाणू सरळ, न्यूट्रल, दोरी सोडा आणि ठाम रिव्हर्स. इथे लाजत मागे जाणाऱ्याला वारा परत आणतो.

यात एकट्याची अडचण उघड आहे: दोरी नाळेवर आणि तुम्ही पिछाडीला. म्हणून दोन्ही पदर नाळेच्या कडीतून किंवा कप्पीतून काढून बाजूच्या डेकवरून सुकाणूपाशी आणा आणि तिथल्या क्लीटवर बांधा. यासाठी बोटीच्या अडीचपट लांबीची दोरी लागते, त्या निराळ्या लांब पॉलिएस्टरचं काम हेच. सोडल्यावर बोट मागे जात असते आणि दोरी नाळेपुढे पाण्यात पसरते, म्हणजे पंख्यापासून लांब. सुकाणू सांभाळत ती ओढून घ्यायला वेळ मिळतो. ती पूर्ण आत आल्याशिवाय पुढचा गियर घालू नका.

ही कसरत आधी वारा नसताना करून बघा. पिछाडी किती थ्रॉटलला किती फिरते, ते प्रत्येक बोटीचं वेगळं असतं.

हात, पाय आणि दोरी

लाइफ जॅकेट धक्क्याला लागतानाच जास्त लागतं, कारण माणूस पडतो तो बोट आणि धक्का यांच्यामधल्या फटीत. उडी मारायची नाही. धक्का पाऊल टाकण्याच्या अंतरावर आला नसेल तर बोट अजून लागलेली नाही. दोरी हाताला गुंडाळायची नाही. बोट धक्क्यावर जाते आहे असं दिसलं तर पाय मध्ये घालायचा नाही, तो मोकळा फेंडर घालायचा. फेंडर नसेल तर बोट आपटू द्या. ताणलेल्या नायलॉनच्या रेषेत उभं राहू नका, तुटला तर तो त्याच रेषेत परत येतो. एक धारदार सुरी सुकाणूजवळ अडकवलेली असावी.

धक्का पक्का असेल आणि भरती-ओहोटीत पाणी बरंच चढत-उतरत असेल तर शेवटी बांधताना दोऱ्या लांब आणि तिरक्या ठेवा. आखूड, आडवी दोरी ओहोटीला बोट टांगून ठेवते.

धक्क्यावर मदतीला कोणी आलं तर

एकटा माणूस येताना दिसला की धक्क्यावरचा एखादा भला माणूस हमखास हात पुढे करतो. त्याला नाळेची दोरी दिलीत तर तो ती जिवाच्या आकांताने ओढेल, नाळ धक्क्यात शिरेल आणि पिछाडी बाहेर जाईल. त्याला मधल्या स्प्रिंगचा फासा द्या, नेमका क्लीट बोटाने दाखवा आणि आधीच, शांत आवाजात सांगा: ‘दादा, एवढा त्या क्लीटवर घाला, ओढू नका.’ बाकीचं तुमचं इंजिन करेल. तरीही त्यांना काहीतरी ओढायचंच असेल तर स्प्रिंग ताणून बोट टेकल्यावर पिछाडीची दोरी हातात द्या. तेव्हा ती कितीही ओढली तरी फारसं बिघडत नाही.